ढोकरी आणि तिचे भाऊबंद

पैनगंगेच्या काठी चिखलात बसलेली ढोकरी दिसत नाही. उडाली की पांढरे पंख एकदम झळकतात. ‘बगळाभगत’ हा शब्द मला अन्यायाचाच वाटतो. मासोळी टप्प्यात येईतो न हलणे हे ढोंग नव्हे, पोटाचे काम आहे!

याच कुळातला बिटर्न पक्षी त्याहून वरचढ. चाहूल लागताच तो चोच आभाळाकडे करून ताठ उभा राहतो. गळ्यावरच्या उभ्या रेघा पाणकणसात मिसळून जातात. डोळे मात्र चोचीखालून समोर पाहत असतात. वारा सुटला तर काही बिटर्न पाणकणसाबरोबर डोलतातसुद्धा.

शुभ्र बगळ्यांचा जीव घेणाऱ्या पिसांची निर्यात सरकारने १९०२ साली बंद केली. बिटर्नला भीती वेगळीच. तळ्याचा काठ खरडून साफ केला, की पाणी राहते, मासे राहतात. रेघा मिसळायला मात्र काही उरत नाही.