ज्यांचा शेवट कळला नाहीं त्यांचें गणित

हजेरीपटांत दरवर्षीं कांहीं नांवें अशीं असतात कीं, अर्ध्या वर्षानंतर त्यांच्यापुढें नुसती रेघ दिसते. मुलगा नापास झाला असें नाहीं, पास झाला असेंही नाहीं. दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर ऊसतोडीस गेला, एवढेंच वर्गशिक्षकास ठाऊक. शेंकडेवारी काढतांना ह्या मुलाचें काय करावें, हा प्रश्न मला अनेकदां पडला आहे. रुग्णालयांत हाच प्रश्न अधिक कठोर रूपानें उभा राहतो. कारण तेथें मोजावयाचें असतें तें माणसाचें आयुष्य.

विद्यार्थिमित्रहो, समजा, एका दुर्धर रोगाच्या दहा रोग्यांवर एकाच दिवशीं उपचार सुरू झाले. सहाव्या महिन्यांत दोघे वारले. नवव्या महिन्यांत दोघे गांवीं गेले ते परत आले नाहींत. बाराव्या महिन्यांत उरलेल्या सहांपैकीं तिघे वारले. तर एक वर्ष जगण्याचा संभव किती? गेलेल्या दोघांस मृत धरलें तर शेंकडा ३०. जिवंत धरलें तर शेंकडा ५०. त्यांचीं नांवेंच खोडलीं तर आठांत तीन, म्हणजे शेंकडा साडेसदतीस. पहिल्या दोन उत्तरांत आपण न पाहिलेली गोष्ट पाहिली असें म्हणतों. तिसऱ्यांत पाहिलेली गोष्ट, म्हणजे ते दोघे नऊ महिने जगले ही, फुकट घालवितों.

ह्यावरचा सुबक उपाय एडवर्ड कॅपलन व पॉल मायर ह्या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केला. (दोघांनीं आपापले निबंध स्वतंत्रपणें पाठविले होते, ते एकत्र करून मग छापण्यांत आले.) माणूस दृष्टीस आहे तोंवर त्यास हिशेबांत धरावें; दृष्टीआड झाला कीं पुढील हिशेबांतून वगळावें, पण मृतांत घालूं नये. आपल्या उदाहरणांत पहिल्या मृत्यूंच्या वेळीं दहांतून आठ वांचले, दुसऱ्या वेळीं सहांतून तीन. आठ दशांश गुणिले अर्धे, म्हणजे चार दशांश. उत्तर शेंकडा ४०. ह्याचा आलेख काढला तर तो जिन्यासारखा पायरीपायरीनें उतरतो.

दहा माणसांचें हें गणित पाटीवर होतें. हजारोंचें होत नाहीं. त्यासाठीं संगणकावर ‘आर’ नांवाची प्रणाली वापरतात. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन ह्यांनीं तिचा आरंभ केला, आणि ती कोणासही विनामूल्य मिळते. तिच्यासाठीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकचे टेरी थर्नो ह्यांनीं ‘सर्व्हायव्हल’ हा आज्ञासंच रचला. तो प्रत्येक माणसाविषयीं दोन रकाने मागतो : किती काळ पाहिला, आणि शेवट घडतांना पाहिला काय, पाहिला असल्यास १, नसल्यास ०. मला सारें मर्म त्या शून्यांत दिसतें. सर डेव्हिड कॉक्स ह्यांनीं १९७२ सालीं दाखविलेल्या रीतीनें दोन गटांची तुलना वयादि भेद लक्षांत घेऊनही त्यांत करतां येते.

अशा तुलनेचें एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांतील आहे. तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचे, गांवांच्या ५२ समूहांवरून, चार गट पाडण्यांत आले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा विषाणू शोधणारी तपासणी ज्या गटास एकदांच देऊं केली, त्यांतील ३४,१२६ स्त्रियांपैकीं ३४ त्या रोगानें वारल्या. ज्यांस नेहमींचीच व्यवस्था होती त्या ३१,४८८ पैकीं ६४. मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला, हा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला व जगभर मानला गेला. ह्या कामांत टाटा रुग्णालयाबरोबर बार्शीचें रुग्णालयही होतें. बार्शीस १९८७ पासून भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी चालू झाली होती. रोगी रुग्णालयांत येईल तेव्हां लिहूं, अशी तिची रीत नव्हती. कार्यकर्ते बार्शी, परांडा व भूम ह्या तालुक्यांतील गांवोगांव जाऊन विचारीत.

त्या पायपिटीवांचून संगणक काय करील? आपल्या उदाहरणांतील ते दोघे पैसे संपले, अंथरुणास खिळले, आणि घरीं जाऊन महिन्याभरांत वारले असतील तर खरें उत्तर शेंकडा ३० आहे. यंत्र मात्र ४० च सांगेल. जो गेला तो राहिलेल्यांसारखाच होता, असें तें गृहीत धरतें. सुरगाण्याहून नाशिकास येणारा रोगी भाड्याच्या पैशांअभावीं पुढील तारखेस आला नाहीं, तर त्याच्यापुढेंही तेंच शून्य पडतें. पालकांनींही ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. ‘आपली गांठ सुटली, आतां कशास कळवावयाचें’ असें म्हणून रुग्णालयाच्या पत्रास उत्तर न देणारीं घरें पुष्कळ आहेत.

आतां इयत्ता नववीसाठीं एक उदाहरण. झेंडूचीं बारा रोपें लावलीं. तिसऱ्या आठवड्यांत तीन वाळलीं. चौथ्यांत तीन शेजाऱ्यांस दिलीं. पांचव्यांत उरलेल्या सहांपैकीं दोन वाळलीं. पांच आठवडे जगण्याचा संभव काढा. उत्तर बरोबर निम्में येईल. मग हें सांगा : माळ्यानें शेजाऱ्यांस निवडून जोमदार रोपेंच दिलीं असतील, तर हें उत्तर खऱ्याहून कमी कीं जास्त?