पिसवा अंगावर थोड्या, घरात फार

बोरगाव मेघे वर्धा शहराला लागूनच आहे. येथे दारात कुत्रा असतो आणि घरात मांजर असते. कुत्रा राखण करतो. मांजर उंदीर धरते. पण पावसाळा लागला की दोघांच्या अंगावर पिसवा होतात. कुत्रा रात्रभर अंग खाजवतो. मांजर पाठ चावून चावून केस काढते. मग लेकरांच्या पायांवर लाल गांधी उठतात.

लोक आम्हाला म्हणतात, "कुत्र्याला दोनदा धुतलं जी, चार दिवसांनी पुन्हा पिसवा!"

आम्ही विचारतो, "कुत्रा निजतो कुठं?"

"सपरीत, पोत्यावर."

"मग पोतं कधी धुतलं?"

पोते कोणी धुतलेले नसते. खरी गोम तिथेच आहे.

पिसू वाढते कशी?

पिसू तांबूस काळी असते. तिला पंख नसतात, पण ती जवळजवळ वीतभर उडी मारते. ती कुत्र्याचे रक्त पिते आणि त्याच्याच अंगावर अंडी घालते. एक मादी दिवसाला ४० पर्यंत अंडी घालू शकते. अंडी गुळगुळीत असतात. ती केसांत राहत नाहीत, खाली गळतात. कुत्रा जेथे निजतो तेथे ती पडतात.

अंड्यातून बारीक अळी निघते. अळीला उजेड आवडत नाही. ती पोत्यात, जमिनीच्या भेगांत, खाटेखाली दडते. पिसवांच्या विष्ठेत सुकलेले रक्त असते, ते ती खाते. मग ती कोष करते आणि आत पिसू तयार होते. ओलसर उबेत हे सारे ३-४ आठवड्यांत होते. कधी कधी पिसू कोषात महिनोन्महिने वाट पाहते. माणसाच्या किंवा जनावराच्या पावलाचा हादरा बसला, ऊब लागली, की ती बाहेर येते.

जाणकार असा हिशेब सांगतात: अंडी, अळ्या, कोष आणि पिसवा मिळून १०० धरल्या, तर कुत्र्यामांजराच्या अंगावर ५ असतात. बाकीच्या ९५ घरात असतात. नुसता कुत्रा धुतला तर त्या ९५ चे काय?

ओळखायचे कसे?

कुत्र्याच्या शेपटीजवळचे केस बारीक दातांच्या फणीने विंचरा. फणीत काळे कण येतील. ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवा. कणांभोवती तांबडा रंग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा समजावी.

उपाय

१. कुत्र्यामांजराला रोज फणीने विंचरा. फणी साबणाच्या पाण्यात बुडवा. पिसवा बुडून मरतात.

२. त्यांची पोती, फडकी आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात धुवा. कडक उन्हात वाळवा. फाटके पोते जाळून टाका.

३. घर कोपऱ्यांपर्यंत झाडा. खाट, पेटी हलवून झाडा. केर घराजवळ टाकू नका. जमिनीच्या भेगा बुजवा.

४. घरातल्या सर्व कुत्र्यामांजरांवर एकाच वेळी उपाय करा. एकाला सोडले तर त्याच्यापासून पुन्हा होतात.

५. हे काम दोन-तीन महिने चालू ठेवा. पिसवा कमी दिसल्या म्हणून थांबू नका. कोषातल्या अजून निघायच्या असतात.

हे करू नका

आपला भाग कपाशीचा. घरात फवारणीचे औषध असते. "थोडंसं लावलं तर काय होतं?" असे पुष्कळांना वाटते. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारताना विषबाधा झाली. वीसहून जास्त माणसे दगावली. जे औषध धडधाकट माणसाला मारते, ते कुत्र्याच्या अंगावर कसे चालेल? कुत्रा, मांजर अंग चाटतात. विष पोटात जाते. लेकरे त्यांना कवटाळतात. त्यांच्याही हाताला ते लागते. रॉकेलही लावू नका.

औषध हवे तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. मानेवर टाकायचे थेंब मिळतात. ते जनावराच्या वजनावरून देतात. कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये. काही औषधांनी मांजर मरते. लहान पिलांना आपल्या मनाने औषध लावू नका, फणीच बरी. पण पिसवा फार असल्या तर पिलाचे रक्त इतके कमी होते की ते मरते. पिलाच्या हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर लगेच दवाखाना गाठा.

पिसवांपासून रोग

पिसवांमुळे कुत्र्यामांजरांना चपटे जंत होतात. खेळताना पिसू लेकराच्या पोटात गेली, तर लेकरालाही होतात. म्हणून कुत्र्याला हात लावल्यावर हात धुवायला शिकवा.

काही जण विचारतात, "पिसवांनी प्लेग होतो ना?" प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो. सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली हे दाखवून दिले. त्याच्या आदल्या वर्षी, १८९७ साली, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले वारल्या. कुत्र्याच्या अंगावर पिसू दिसली म्हणून प्लेगला भिऊ नका. मात्र घरात, गोठ्यात एकाएकी पुष्कळ उंदीर मरून पडले, तर त्यांना हात लावू नका. आरोग्य केंद्रात कळवा.

सांगा पाहू

१. पिसवांची अंडी कोठे पडतात?
२. उपाय दोन-तीन महिने का चालू ठेवावा?
३. फवारणीचे औषध कुत्र्याला का लावू नये?
४. तुमचा कुत्रा कोठे निजतो? त्याचे पोते आज उन्हात टाका.