गोळीची वेळ

चि. सोनूस,


डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितल्यावर तू मला फोनवर विचारलंस, "बाबांचा हात तर जेमतेम थरथरतो, मग कसं काय?" तिथूनच सुरुवात करते. कंप प्रत्येकाला असतोच असं नाही, काहींना तो कधीच येत नाही. डॉक्टर बघतात ते आधी मंदावलेल्या हालचाली, मग स्नायूंचा ताठरपणा. कंप असलाच तर हात मांडीवर नुसता ठेवलेला असताना दिसतो. अंगठा आणि तर्जनी जपमाळ ओढल्यासारखी फिरत राहतात, आणि पेला उचलायला हात पुढे केला की कंप बहुधा कमी होतो.

आता मागची काही वर्षं आठव. तुझ्या बाबांना, आमच्या भाऊजींना, फोडणी करपल्याचा वास येईना. झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे. बद्धकोष्ठता तर जुनीच. सही इतकी बारीक झाली की बँकेतून चेक परत आला. चालताना डावा हात हलत नव्हता, आणि खांदा धरलाय म्हणून आपण तेल चोळत बसलो. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला, तेव्हा ज्ञानेंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात असं त्यांनी म्हटलं होतं. आज कळतं की वास जाणं हे फार आधीचं लक्षण असू शकतं. कंप दिसू लागतो तोवर मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. म्हणून आधी का कळलं नाही, याचा घोर ताईनं, तुझ्या आईनं, लावून घेऊ नये.

एक काम मात्र या आठवड्यातच कर. घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भर आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखव. गॅसवरच्या काही गोळ्यांमध्ये लेव्होसल्पिराइड असतं, चक्करेवर सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन देतात. या औषधांनी हुबेहूब अशीच लक्षणं उभी राहू शकतात किंवा असलेला आजार वाढतो. लक्षणं औषधामुळेच आलेली असतील तर औषध थांबवल्यावर ती बहुतेकदा काही महिन्यांत ओसरतात. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय तू स्वतःहून काही बंद करू नकोस. उलटीसाठी कुणी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन द्यायला लागलं, तर पार्किन्सन्स आहे असं तिथल्या तिथे सांग.

आता सिंडोपा या गोळीबद्दल. त्यातलं लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन बनतं. आजार बरा होत नाही, पण माणूस हिंडता-फिरता राहतो. तुझ्या काकांच्या याच आजारात मी शिकले ते हेच, की अशा घरात सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे घड्याळ. ही गोळी दुधाबरोबर किंवा वरणभातावर घेतली तर प्रथिनं तिच्या वाटेत येतात. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं, पाण्याबरोबर द्यायची. मळमळलं तर एखादं साधं बिस्कीट चालतं. गोळी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. कुठल्याही कारणानं दवाखान्यात ठेवावं लागलं, तर तिथल्या वेळापत्रकात भाऊजींच्या वेळा बसवून घे, त्यासाठी वाईटपणा आला तरी चालेल.

एक वही कर. गोळी किती वाजता घेतली, अंग किती वेळात मोकळं झालं, पुन्हा कधी जखडलं, हात-मान आपोआप वळवळली का, सगळं वेळेसकट लिही. पुढे डोस ठरवताना डॉक्टरांना याच वहीचा उपयोग होतो. सकाळी बटणं लावणारा माणूस दुपारी घास तोंडाशी नेऊ शकत नाही, हे बघून "मनात असलं की बरं जमतं" असं घरात कुणी म्हटलं तर त्याला तिथेच थांबव. तो हट्ट नसतो, गोळीचा असर उतरलेला असतो. चेहरा कोरा दिसतो म्हणून ते रागावलेले आहेत असंही धरू नकोस. उदासी मात्र खरी असू शकते. ती आजाराचाच भाग आहे आणि तिच्यावर उपचार आहेत.

उंबरठ्यापाशी पाय खिळले तर ओढायचं नाही. ओढलं की तोल जातो. थांबू दे, श्वास घेऊ दे, मग "एक, दोन" म्हणत मोठं पाऊल टाकायला सांग. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या तर त्या ओलांडताना पाय सुटतो. चालताना त्यांना बोलण्यात गुंतवू नका. बाथरूममध्ये भिंतीला दांडे बसव, पायपुसणी काढून टाक. अंथरुणातून उठताना आधी जरा बसायचं, कारण रक्तदाब पटकन खाली येतो. जेवताना ठसका वाढला तर ते अंगावर काढू नका.

व्यायाम औषधाइतकाच महत्त्वाचा. रोज चालणं, आणि पेपर मोठ्यानं वाचणं, कारण आवाजही आतल्या आत खोल जातो. इथे पुण्यात हृषिकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या मंडळींसाठी नृत्याचे वर्ग चालवले. तालावर पाय कसे मोकळे होतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे पार्किन्सन्स मित्रमंडळ हा आधारगटही आहे. ताईला तिथे नक्की ने, तिलाही बोलायला माणसं हवीत.

या आजारावरचं प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल हे औषध सुरू झालं तर पैशांकडे लक्ष ठेव. काहींना खरेदीचं, जुगाराचं वेड लागतं आणि ते लाजेनं लपवतात. खोलीत नसलेली माणसं दिसायला लागली, तरी वाद न घालता डॉक्टरांना कळव.

मेंदूतल्या शस्त्रक्रियेचं कुणी सुचवेल. ती निवडक रुग्णांसाठी असते, सध्या तो विषय नको. खाजकुयलीच्या बियांचं चूर्णही कुणीतरी आणून देईल. त्यात लेव्होडोपाच असतं, म्हणून विचारल्याशिवाय गोळीच्या जोडीला ते देऊ नकोस.

पुढच्या भेटीला वही आणि ती पिशवी घेऊन जा. आणि डॉक्टरांनी काही विचारलं तर भाऊजींचं उत्तर तू देऊ नकोस. त्यांना वेळ लागेल, पण ते सांगतील.

तुझी,
मावशी