शेकरांचे गाव आणि त्यांची मुले

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पिट्सफील्ड शहरालगत ‘हॅनकॉक शेकर व्हिलेज’ हे जतन केलेले गाव आहे. उपासनेच्या वेळी या ख्रिस्ती पंथीयांचे अंग थरथरत असे, म्हणून लोकांनी त्यांना ‘शेकर’ म्हटले. मँचेस्टरच्या कापडगिरणीत राबलेली निरक्षर अ‍ॅन ली १७७४ साली आठ अनुयायांसह अमेरिकेत आली. तिच्या निधनानंतर अनुयायांनी अशी अनेक गावे वसविली. तेथे खासगी मालमत्ता नव्हती, विवाह नव्हता, आणि कारभारात स्त्री-पुरुषांचा अधिकार समान होता.

पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम वेधून घेतो तो १८२६ चा वर्तुळाकार दगडी गोठा. मध्यभागी वैरण, तिच्याभोवती आत तोंड करून बांधलेल्या गाई. त्यामुळे थोड्या माणसांकडून पुष्कळांचे चारापाणी होई. श्रम ही त्यांच्या लेखी उपासनाच होती. विटांच्या निवासवास्तूत सुमारे शंभर जण राहत. स्त्रियांचे व पुरुषांचे जिने वेगळे. भिंतींवर खुंट्यांच्या ओळी असून, झाडलोट करताना खुर्च्यादेखील त्यांवर टांगत. आपल्या भिक्खूंच्या विहाराची आठवण व्हावी, असा हा नीटनेटकेपणा आहे.

मात्र ब्रह्मचाऱ्यांच्या या गावांत मुलेही होती. अनाथ मुले, तसेच गरीब आईबापांनी करारपत्र करून सोपविलेली मुले शेकर सांभाळीत. त्यांना अन्न, वस्त्र, अक्षरज्ञान आणि एखादा हुन्नर मिळे. मुलगे हिवाळ्यात शिकत, मुली उन्हाळ्यात. एकविसाव्या वर्षी मात्र त्यांना विचारले जाई : राहणार की जाणार? बहुतेक जण जात. पंथ ओसरण्याचे हे एकमेव कारण नव्हे. कारखान्यांच्या स्वस्त मालानेही त्यांचे हस्तोद्योग मोडले. तरीही मुलांना अडवून ठेवण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही, हे मला त्यांच्या सुबक खुर्च्यांहून मोलाचे वाटते.

विनयपिटकातही मुलांचा प्रश्न आहे. राहुलाच्या प्रव्रज्येने व्यथित झालेल्या शुद्धोदनाच्या विनंतीवरून तथागतांनी मातापित्यांच्या संमतीविना मुलास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम घालून दिला. शिवाय चीवर उतरवून घरी परतण्याची वाट भिक्खूला खुली असते. फरक असा की, संघाभोवती उपासक-उपासिकांची घरे होती. शेकरांच्या धर्मात घराला स्थानच नव्हते. गावाबाहेर गेलेला तरुण पंथाबाहेरच जाई.

१९६० साली हॅनकॉकची वस्ती बंद झाली आणि गावाचे संग्रहालय झाले. शेकरांची हयात वस्ती आता मेन राज्यातील सबाथडे लेक येथे उरली आहे. तिचे सदस्य बोटांवर मोजण्याइतके आहेत.