मूल गप्प झाले, पण दुखणे गेले का?



शाळा मुंबईची असो की आमच्या आरमोरीची, पाच मिनिटेही बाकावर स्थिर न बसणारे मूल प्रत्येक वर्गात असतेच. “ह्याला गप्प बसवायचे औषध नाही का?” असे कोणीतरी वैतागून म्हणते. असे औषध आपल्याकडे पूर्वी होते. त्याचे नाव बाळगोळी.

बाळगोळीत अफू असे. मुंबईच्या गिरण्यांतील कामगार स्त्रिया कामावर जाताना ती तान्ह्या मुलांना देत. १९२२ साली मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये आलेल्या पाहणीनुसार, अशा शंभर मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जाई. ही मुले आजारी नव्हती. आई दिवसभर गिरणीत आणि घरी सांभाळणारे कोणी नाही, हे खरे दुखणे. अफूने मूल निजे, त्याची भूक मरे. मात्रा जास्त झाली तर श्वासही थांबे. त्या दुखण्यावरचा खरा उपाय, म्हणजे पाळणाघर, १९४८ च्या कारखाना कायद्यात आला.

आता आजचे उदाहरण घेऊ. काही मुलांना अतिचंचलतेचा विकार खरोखरच असतो आणि मेथिलफेनिडेट हे औषध त्यांना उपयोगी पडते. पण चंचलता मोजणारी तापमापी नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे डिसेंबरात जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान ठरते. जानेवारीत जन्मलेल्यांशी तुलना करता, असे औषध मिळण्याचे प्रमाण डिसेंबरच्या मुलग्यांत शेकडा ४१ ने आणि मुलींत ७७ ने अधिक आढळले. जन्ममहिन्याने विकार जडत नाही. म्हणजे काही मुलांचे लहान वयच विकार म्हणून मोजले गेले!

“पण औषधाने गुण आला, म्हणजे विकार होताच ना?” नाही. १९७८ साली अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट व सहकाऱ्यांनी त्याच वर्गातील एक औषध निरोगी मुलग्यांना देऊन पाहिले. त्यांचीही चुळबुळ कमी झाली व लक्ष वाढले. तेव्हा औषधाचा परिणाम हा विकाराचा पुरावा नव्हे.

म्हणून आधी साधे प्रश्न विचारावेत. रात्री झोप झाली का? रोवणीच्या दिवसांत सकाळी पोटात काही गेले का? फळा दिसतो का? नीट ऐकू येते का? त्यानंतर तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. त्यांनी सुरू केलेले औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आणि शिक्षकहो, एकदा हजेरीपट काढा. आपण ज्यांना वरचेवर रागावतो, त्यांच्या जन्मतारखा पाहा.