प्लेटमधल्या पेशी आणि पेशंट

वनस्पतींचे अर्क कॅन्सरच्या पेशींवर तपासण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या मुलांना मी जे बजावते, ते असं.

१. पेशी मेल्या म्हणून हुरळून जाऊ नका. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एमटीटी हे पिवळं रंजक घातलं की जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जांभळं फिकं पडलं तर पेशी मेल्या की नुसत्या वाढायच्या थांबल्या, हे रंग सांगत नाही. त्यात काही अर्क इतके खट्याळ, की पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करून दाखवतात! म्हणून बिनपेशींचे खळगे, अर्क ज्यात विरघळवतो त्या नुसत्या डीएमएसओचे खळगे आणि शेजारी निरोगी पेशी. हे नसेल तर मी आलेख बघतही नाही.

२. हळदीबद्दल दर सणाला कुणीतरी काकू विचारतातच. कर्क्युमिन प्लेटमध्ये पेशींची वाढ रोखतं, हे खरं. पण पोटातून ते जेमतेम शोषलं जातं आणि जे जातं त्याची यकृत लगेच वासलात लावतं. प्लेटमधली मात्रा रक्तात पोचतच नाही. भाजीत हळद घाला, बिनधास्त.

३. सदाफुलीची पानं चावू नका. व्हिन्क्रिस्टीन तिच्यातलंच, पण ते शिरेतून, मोजून द्यायचं औषध आहे. तरीही हातापायांना मुंग्या येतात.

४. मूळ रेणू बहुधा औषध नसतो. १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी यांच्या चमूने एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. हे मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. टॅक्सॉल या औषधाच्या शोधातही तेच होते. पेशी दुप्पट होताना डीएनएचा पीळ सोडवायला एक विकर त्याचा एक धागा कापतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन त्या कापात अडकून बसतं, जोड होत नाही, पेशी मरते. कागदावर झकास! पण पहिल्या चाचण्यांत रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं आणि काम थांबलं. रेणूत फेरफार करून टोपोटेकन, इरिनोटेकन ही औषधं अमेरिकेच्या बाजारात यायला १९९६ उजाडलं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही कॅम्प्टोथेसिन भरपूर. फुलला की दुर्गंधी सुटते, एरवी कुणी ढुंकून बघितलं नसतं. मागणी आली आणि बेसुमार तोड झाली.

५. केमो चालू असताना कुठलाही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातली वनस्पती उदास मनासाठी घेतात. इरिनोटेकनबरोबर घेतली, तर रक्तातला औषधाचा कामाचा भाग सुमारे ४० टक्क्यांनी घटतो.