लिहिताना अडणारे मूल

पोराला पाढे तोंडपाठ येतात. गोष्ट विचारा, घडाघडा सांगतो. पण वही पुढे ठेवली की हात अडतो. अक्षरे वेडीवाकडी येतात, ओळ सुटते, काना-मात्रा राहून जातात. चार ओळींना तास लागतो. मग आपण म्हणतो, "आळशी आहे मेला!" आणि पाठीत धपाटा बसतो.

दरवेळी हा आळस नसतो. काही मुलांना लिहिण्याचीच अडचण असते. तिला लेखन-अक्षमता म्हणतात. हुशार मुलालाही ती असते. माराने ती जात नाही. पोर मात्र शाळेला भिऊ लागते.

मग घरचा अभ्यास कसा घ्यावा? आम्ही सांगतो ते करून पाहा. आधी उत्तर तोंडी सांगू द्या. त्याने सांगावे, आईने नाहीतर बापाने लिहावे. तुम्हांला आता लिहिता येते ना? सावकाश लिहा, घाई कसली! मग त्यातल्या दोन ओळी त्याने स्वतः लिहाव्यात. दहा मिनिटांनी जरा उठू द्या. गणिताला चौकटीची वही घ्या. एका घरात एक आकडा, म्हणजे एकं-दहं सरकत नाहीत. चुकले तर तेच दहादा लिहायला लावू नका.

गुरुजींना भेटा. उत्तर कोणी लिहिले ते लपवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्यातल्या अशा अडचणी धरल्या आहेत. ठराविक सरकारी दवाखान्यांत तपासणी होऊन दाखला मिळाला, तर दहावीच्या परीक्षेला जादा वेळ मिळतो. लेखनिकही घेता येतो. दाखल्यासाठी हेलपाटे पडतात खरे. म्हणून ही गोष्ट दहावीपर्यंत ठेवू नका, आताच गुरुजींकडे काढा.